डार्क मोड : पांढऱ्या झोताचा माग

मंगळवारी पहाटे पावणेपाचला निफाडहून मामांचा फोन आला. "आज तुझ्या नोंदवहीनं डोळ्यावर बॅटरी नाही मारली, भाच्या," एवढेच बोलून त्यांनी तो ठेवला. नोंदवही म्हणजे त्यांच्या द्राक्षबागेच्या नोंदींसाठी मी बनवलेले, ब्राउझरवर चालणारे ॲप. या एका वाक्यासाठी मी तीन आठवडे नाशिकच्या घरी रात्री जागवत होतो, म्हणून ही नोंद.

ॲपचे सगळे रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एकाच जागी बदलता येतील अशा नावांखाली, हलवून झाल्याचे मागच्या वेळी लिहिले होते. त्यानंतर गडद रंगांचा दुसरा संच बसवणे एका संध्याकाळचे काम ठरले. घोडे अडले ते ॲप उघडतानाच्या पांढऱ्या झोतापाशी. थंडीत पारा उतरला की द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून मामा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात आणि तापमान तिथेच उभे राहून नोंदवतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसमोर क्षणभर जरी पांढरा पडदा आला, तरी पुढे काही वेळ मांडवाच्या तारासुद्धा दिसत नाहीत. पान नंतर कितीही सुरेख काळे झाले, तरी त्यांच्या लेखी डार्क मोड तिथेच फसलेला असतो.

मूळ कारण ओळखीचे होते. थीमची (उजळ की गडद) निवड लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या फोनवरील साठ्यात, ती वाचणारा कोड मुख्य बंडलमध्ये (ॲपच्या एकत्रित कोड-फाइलमध्ये) आणि बंडल डिफर केलेले, म्हणजे पान वाचून झाल्यावर चालणारे. त्यामुळे ब्राउझर आधी उजळ पान रंगवत असे आणि एचटीएमएल टॅगवरचे डेटा-थीम, म्हणजे कोणते रंग वापरायचे हे सांगणारी खूण, नंतर बदलत असे. केवळ प्रेफर्स-कलर-स्कीमवर, म्हणजे फोनच्याच उजळ-गडद सेटिंगवर, विसंबलो असतो तर हा प्रश्न उद्भवला नसता, कारण ती अट सीएसएसमध्येच तपासली जाते. पण मामांचा फोन कायम उजळ सेटिंगवर असतो आणि त्यांना नोंदवही तेवढी काळी हवी असते. म्हणून निवड वाचणारी सात ओळींची इनलाइन (पानातच लिहिलेली) स्क्रिप्ट हेडमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या भागात, रंगरूपाच्या फाइलीच्या (स्टाइलशीटच्या) आधी ठेवली. लॅपटॉपवर झोत नाहीसा झाला. सर्व्हरवर चढवल्यावर तो जसाच्या तसा परत आला.

त्यानंतरच्या चार रात्री मी चुकीच्या जागी शोधत होतो. फॉन्ट उशिरा येतो का, स्टाइलशीटचा क्रम बिघडला आहे का, हे सर्व तपासून झाल्यावर अखेर फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि क्रोमच्या रिमोट डीबगिंगमध्ये (फोनवरच्या पानातील त्रुटी लॅपटॉपवर दाखवणाऱ्या सोयीत) एक लाल ओळ दिसली : इनलाइन स्क्रिप्ट चालवण्यास नकार. पावसाळ्यात मीच सर्व्हरवर कन्टेन्ट-सिक्युरिटी-पॉलिसीचा हेडर, म्हणजे पानात कोणता कोड चालू द्यायचा हे ब्राउझरला सांगणारी सूचना, लावला होता आणि त्यात केवळ स्वतःच्या ओरिजिनवरील (संकेतस्थळावरील) फाइलींना परवानगी दिली होती. लॅपटॉपवरच्या सर्व्हरला तो हेडर नव्हता. क्रोम या त्रुटीसोबत लागणारा शा-२५६ हॅशही, म्हणजे त्या स्क्रिप्टच्या नेमक्या मजकुरावरून निघणारा ठसाही, छापून देतो, आणि या सोयीबद्दल मी त्याचा ऋणी आहे. हॅश पॉलिसीत घातला, झोत गेला. पण पुढच्या बिल्डमध्ये (ॲपच्या फाइली नव्याने तयार करताना) कोड आटोपशीर करणाऱ्या मिनिफायरने स्क्रिप्टमधील मोकळ्या जागा काढल्या, हॅश जुळेनासा झाला आणि झोत पुन्हा हजर झाला. अशा वेळी पॉलिसीत 'अनसेफ-इनलाइन', म्हणजे सगळ्याच इनलाइन स्क्रिप्टना परवानगी, लिहून मोकळे व्हावे, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो मान्य नाही. एका रंगासाठी पॉलिसीचे दार सताड उघडे टाकू नये. सध्या हॅश बिल्डच्या अगदी शेवटच्या पायरीवर, तयार झालेल्या पानावरून काढला जातो.

मात्र हे लिहिता लिहिता लक्षात येते आहे की स्क्रिप्ट इनलाइन असण्याची गरजच नाही. तीच सात ओळींची वेगळी फाइल हेडमध्ये डिफर किंवा असिंक (फाइलीसाठी न थांबण्याच्या खुणा) न लावता ठेवली, तर ब्राउझर ती चालवूनच पुढे सरकतो, पॉलिसीचीही हरकत राहत नाही आणि सर्व्हिस वर्करच्या, म्हणजे ॲपच्या फाइली फोनवर साठवून पुरवणाऱ्या पार्श्वभूमीतील स्क्रिप्टच्या, कॅशमधून ती नेटवर्कविना मिळते. या आठवड्यात हॅशची पायरी काढून हाच मार्ग करून पाहणार आहे.

सर्व्हिस वर्करचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. माझ्या फोनवर सर्व ठीक झाल्यावरही मामांच्या फोनवर जुनेच पान येत होते, कारण जुन्या वर्करच्या ताब्यातील पाने उघडी असेपर्यंत नवा वर्कर थांबून राहतो आणि मामा ॲप कधीच बंद करत नाहीत. नव्या वर्करला न थांबता ताबा घ्यायला लावणारे स्किप-वेटिंग लावून ते सुटले. तरीही उरलेली पांढरी चमक पानाची नव्हतीच. ती मॅनिफेस्टमधील (ॲपचे नाव, चिन्ह, रंग सांगणाऱ्या फाइलीतील) पार्श्वभूमीच्या रंगापासून अँड्रॉइड जो स्वागतपडदा बनवतो, त्याची होती. तिथे एकच रंग देता येतो. मी गडद दिला, मामांच्या नोंदींची प्रत काढून घेतली आणि ॲप नव्याने बसवले. मंगळवारची पहाट त्यानंतरची.

रंगांत एकच बदल सांगण्याजोगा आहे. डाऊनी या द्राक्षावरील बुरशीरोगाच्या इशाऱ्याचा लाल, म्हणजे #बी७१सी१सी, पांढऱ्यावर ६.५ : १ च्या वर कॉन्ट्रास्ट (उजेडातील फरक) देतो, तोच #१२१२१२ या जवळजवळ काळ्या रंगावर ३ : १ च्याही खाली जातो, आणि साध्या मजकुरासाठी किमान मर्यादा ४.५ : १ आहे. अंधारात इशाराच विरून जात होता. आता तिथे फिकट कोरल आहे. काळ्यावरची पांढरी अक्षरे जाड भासतात आणि अनुस्वार-मात्रा एकमेकींत मिसळतात, म्हणून 'एक टाइप'चा 'अनेक देवनागरी' हा व्हेरिएबल फॉन्ट (अक्षरांची जाडी हवी तशी बदलता येणारा) घेतला. गडद थीममध्ये त्याचे वजन, म्हणजे जाडी, ४०० वरून ३६० केले आणि शिरोरेषा न तुटता 'किंवा', 'मिलीलिटर' हे शब्द मोकळे झाले. तो पडदा मी बराच वेळ नुसता पाहत बसलो होतो.

तापमानाचा आलेख अजून राहिला आहे. तो कॅनव्हासवर, म्हणजे कोडने चित्रासारखा रंगवलेला, असल्याने व्हेरिएबल बदलले तरी आपोआप रंग बदलत नाही. थीम पालटताच नवे रंग वाचून तो पुन्हा काढावा लागेल. पण त्याआधी दुसरेच काम हाती घ्यावेसे वाटते. दुपारी उन्हात हाच गडद पडदा मामांना अजिबात वाचता येत नाही आणि हातमोजे काढून बटण दाबायचा त्यांना कंटाळा आहे. निफाडचे अक्षांश-रेखांश ठाऊक असल्याने सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ फोनवरच, इंटरनेटविना काढता येईल : जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमारास. म्हणजे 'उजेड', 'अंधार' आणि 'फोनप्रमाणे' यांच्या जोडीला 'सूर्याप्रमाणे' हा चौथा पर्याय येईल. गणिताचा पहिला खर्डा तयार आहे. रविवारी निफाडला जाऊन बागेतच पडताळतो.