आमची वाटचाल : 'एक साईड ब्लर मारतीया'

आमचं कोल्हापुरातलं दुकान कॅमेरा दुरुस्तीचं. आप्पांनी सुरू केलं तेव्हा टेबलावर याशिका, झेनिट आणि आग्फाचा क्लिक थ्री असायचा. आता त्याच टेबलावर निम्म्याहून जास्त माल ड्रोनचा असतो. ड्रोन म्हणजे अख्खा ड्रोन नव्हे. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), रेडिओ यांचं काम करणारे गावात दुसरे आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगलं करतात. आम्ही फक्त गिंबल, म्हणजे उडताना कॅमेरा स्थिर धरणारी चौकट, आणि कॅमेरा बघतो. त्यातही एका तक्रारीसाठी सांगली, कराड, बेळगावहून माणसं येतात. ती बहुतेक एकाच वाक्यात सांगतात, "एक साईड ब्लर मारतीया."

फोटोचा उजवा भाग लख्ख आणि डावा मऊ. कधी खालचा एकच कोपरा गेलेला. सगळाच फोटो धूसर असेल तर गिऱ्हाईक स्वतःच लेन्स पुसून बघतो. असा अर्धवट बिघाड मात्र त्याला झोपू देत नाही, कारण तो कधी दिसतो, कधी नाही. लग्नाच्या व्हिडिओत लपतो, अल्बमच्या मोठ्या प्रिंटवर उघडा पडतो.

आप्पांच्या काळात फोकस तपासायची पद्धत साधी होती. कॅमेऱ्याची पाठ उघडायची, फिल्म जिथून सरकते त्या पट्ट्यांवर घासलेली काच ठेवायची, शटर 'बी'वर उघडं धरायचं आणि भिंगातून काचेवरचं चित्र बघायचं. लांबची वस्तू काचेच्या चारही कोपऱ्यांत सारखी दिसली तर कॅमेरा ठीक. मी आणि धाकट्या भावानं शाळेत असतानाच हे शिकून घेतलं. ड्रोनच्या कॅमेऱ्याला पाठ उघडत नाही, आत घासलेली काच ठेवायला जागा नाही. पण प्रश्न तोच असतो : लेन्स आणि सेन्सर (फिल्मच्या जागी चित्र टिपणारी पाटी) एकमेकांना समांतर आहेत का?

सन २०१४च्या ऑक्टोबरात डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) नागरी ड्रोन उडवायला मनाई करणारी सूचना काढली होती. तरी लग्नाच्या मांडवावर ड्रोन घिरट्या घालत होतेच, आणि आपटले की गुपचूप आमच्याकडे येत होते. बहुतेकांचं मूळ कारण ऊस. उसात पडलेला ड्रोन सापडायला वेळ लागतो. सापडेपर्यंत रात्रीचं दव किंवा पाटाचं पाणी लागलेलं असतं. सुरुवातीला आम्ही फ्लेक्स केबल बदल, वाकलेला आर्म बदल, कंप शोषणाऱ्या डॅम्परचे रबर बदल, एवढंच करायचो. २०१८च्या १ डिसेंबरपासून नियम लागू झाले, २०२१च्या २५ ऑगस्टला सुटसुटीत ड्रोन नियम आले आणि गिऱ्हाईक उघडपणे बिल मागू लागलं. बिल मागणारं गिऱ्हाईक प्रश्नही विचारतं. तिथून आमचं काम बदललं.

एक साईड मऊ येते म्हटल्यावर आम्ही पहिली गोष्ट मागतो ती मेमरी कार्ड. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आम्ही बघतसुद्धा नाही, तो सगळीकडूनच मऊ असतो. मूळ फाइली मोठ्या करून एवढंच बघायचं की मऊपणा प्रत्येक फोटोत त्याच जागी आहे का. जागा बदलत असेल तर लेन्सचा दोष नाही. संध्याकाळचा कमी शटर स्पीड, वाऱ्यात वळताना काढलेला शॉट, कंप पावणारं गिंबल, यांपैकी काहीतरी असतं. जागा पक्की असेल तर पुढचा प्रश्न : चारही कोपरे सारखे मऊ आहेत, की एकच बाजू? चारही कोपरे सारखे मऊ असणं हा बऱ्याच लेन्सचा स्वभावच असतो. मध्यभाग लख्ख आणि कडा थोड्या ढिल्या, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. एकच बाजू गेली असेल तर मात्र काहीतरी हललेलं आहे.

मग लेन्सपुढचा फिल्टर काढायचा. उजेड कमी करणाऱ्या स्वस्त एनडी फिल्टरची काच दोन्ही बाजूंनी समांतर नसते, कधी लहरी असते. फिल्टर काढला आणि तक्रार गेली, असं इतक्या वेळा होतं की हल्ली फोनवरच सांगतो, आधी फिल्टर काढून चार फोटो काढा. त्यानंतर टॉर्च तिरकी मारून लेन्समध्ये बघायचं. गगनबावडा, राधानगरीकडे पावसाळ्यात शूट करून आलेल्या कॅमेऱ्यांत आतल्या काचेवर दमट डाग असतात. २०१९च्या महापुरानंतर तर असे कॅमेरे रांगेनं आले. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, आणि पुराचं चित्रीकरण करताना बरेच जण भर पावसात ड्रोन उडवत होते.

एवढ्यावर निम्मे प्रश्न मिटतात. उरलेल्यांसाठी आम्ही ड्रोन उडवत नाही. एक तर विमानतळ उजळाईवाडीला, त्यामुळे शहरात टेस्टसाठी उडवायचं म्हणजे परवानगीचं काम. दुसरं म्हणजे उडवायची गरजच नाही. मोटर न चालवताही कॅमेरा आणि गिंबल चालू राहतात. ड्रोन गच्चीवर स्टँडवर ठेवायचा आणि समोर टेबलफॅन लावायचा. उडताना ड्रोनला पंख्यांचा वारा मिळतो, जमिनीवर मिळत नाही आणि तो तापून बंद पडतो. कंपही नाही, उडतानाचे हेलकावेही नाहीत. जे दिसेल ते काचेचं आणि सेन्सरचं.

समोर शे-दीडशे मीटरवर मोबाईल टॉवरची जाळी आहे. येणारा प्रत्येक जण आधी पन्हाळा, जोतिबाचा डोंगर फ्रेममध्ये घेतो. दिसायला छान, पण मधल्या धुरकट हवेत डोंगराची कड कोणत्याच लेन्समध्ये लख्ख येत नाही. टॉवरची जाळी बरी. तीही सकाळी लवकर, कारण उन्हं चढली की मधल्या पत्र्यांवरून तापलेली हवा वर येते आणि जाळी हलायला लागते. ती जाळी आधी फ्रेमच्या मध्यावर घ्यायची. मग स्टँड फिरवून डाव्या कडेला, मग उजव्या कडेला, गिंबल वर-खाली करून चारही कोपऱ्यांत. वस्तू तीच, अंतर तेच, उजेड तोच. आता डावी-उजवीकडची तुलना खरी.

लोक यासाठी विटांच्या भिंतीचा फोटो काढून आणतात. त्या भिंतीचा मला मनापासून वैताग आहे. भिंत दोन मीटरवर असते. फोकस होणाऱ्या कॅमेऱ्यात त्या अंतराला आतली लेन्स वेगळ्याच जागी उभी असते आणि उडताना ती तिथे क्वचितच जाते. ज्या जागी दोष दिसतो तिथेच तपासायला हवं.

पुढची पायरी हाताच्या फोकसची, आणि खरं निदान तिथेच होतं. जाळी मऊ बाजूला ठेवून फोकस अनंताकडून हळूहळू जवळ आणायचा, मग उलटा न्यायचा. मऊ बाजू एखाद्या जागी लख्ख होत असेल आणि त्याच वेळी चांगली बाजू बिघडत असेल, तर फोकसचं प्रतलच तिरकं झालंय. म्हणजे सेन्सर किंवा अख्खं लेन्सचं नळकांडं कललंय. फोकस कुठेही नेला तरी मऊ बाजू लख्ख होतच नसेल, प्रत्येक बिंदूला एका दिशेनं शेपटी फुटत असेल, तर लेन्सच्या आतली एखादी काच मध्यापासून सरकली आहे. दोन्हीची तक्रार एकच, उपचार वेगळे.

किती कलल्यावर दिसतं? फँटम ४ प्रो या ड्रोनमध्ये असतो तशा एक इंची सेन्सरची रुंदी १३.२ मिमी, म्हणजे मध्यापासून कड ६.६ मिमीवर. सेन्सर अंशाच्या दहाव्या भागाइतका कलला तर कडेला फरक पडतो सुमारे ०.०१२ मिमी. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो. पण एफ २.८ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं उघडं असताना, तेवढ्यानंही प्रत्येक ठिपका जवळजवळ दोन पिक्सेलवर पसरतो. एफ ५.६ला छिद्र लहान होतं, त्यामुळे हाच पसारा निम्मा होतो आणि डोळ्याला जवळपास कळत नाही. म्हणून काही गिऱ्हाइकांना आम्ही फक्त एवढंच सांगतो की हलका कल आहे, एफ ४ ते ५.६च्या दरम्यान काम करा, पैसे वाचवा. एफ ११पर्यंत मात्र जाऊ नका. तिथे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्या विवर्तनानं सगळाच फोटो मऊ होतो आणि दोष झाकला गेल्याचा भास होतो.

गच्चीची पद्धत चांगली, पण कोल्हापूरचा पाऊस जूनमध्ये बसतो तो सप्टेंबरपर्यंत हलत नाही. धंद्याचे चार महिने टॉवर दिसायची वाट बघण्यात जायचे. यावर भावानं आप्पांच्या कपाटातली एक जुनी २०० मिमीची लेन्स काढली. लेन्स अनंतावर फोकस करून तिच्या मागे, फिल्म जिथे असते बरोबर त्याच जागी, बारीक रेघांची काच बसवली आणि पाठीमागून दिवा लावला. लेन्सच्या पुढून बाहेर पडणारा प्रकाश समांतर असतो, त्यामुळे ड्रोनच्या कॅमेऱ्याला त्या रेघा अनंतावरून आल्यासारख्या दिसतात. कंपन्यांकडे याचं महागडं रूप असतं, त्याला कॉलिमेटर म्हणतात. आमचा टेबलावर मावतो. रेघांचं चित्र सेन्सरवर जेमतेम १ मिमीचं पडतं, म्हणून स्टँड फिरवत ते कुठल्याही कोपऱ्यात नेऊन ठेवता येतं.

हा स्टँड आम्ही उद्यमनगरात करून घेतला. लेथवाल्या मिस्त्रींना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खेळण्याला एवढी अॅक्युरसी कशाला?" नंतर पडद्यावर रेघा फुटताना बघितल्या आणि खालचा फिरता पाट स्वतःहून पुन्हा घासून दिला. विलायती कॅमेरा बघून बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला तो याच गावात. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्यामुळे आमच्या जुगाडाचं इथे कुणाला फारसं कौतुक नाही.

यंत्र तयार झालं आणि पैशाचा प्रश्न आला. तपासायला तास-दीड तास लागतो आणि शेवटी निकाल असतो, फिल्टर खराब आहे. "पार्ट काय बदलला न्हाई, मग पैशे कशाचे वो दादा?" हे मी फार ऐकलं. आप्पांचं मत, निदानाचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यांच्या दुकानात कधी घेतले नव्हते. हिशेब वहिनी बघतात. त्यांनी एका महिन्याच्या वहीत फक्त तपासून परत दिलेले कॅमेरे लाल शाईनं खुणावले आणि वही आप्पांसमोर ठेवली. आप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून निदानाची फी वेगळी झाली. ती दिली की गिऱ्हाइकाला एक कागद मिळतो. त्यावर पाच जागांचे रेघांचे फोटो, दोन अ‍ॅपर्चरला, आणि खाली मराठीत दोन ओळी : काय आहे, काय करावं. दुरुस्ती आमच्याकडेच करायची सक्ती नाही. काही दुकानदारांना हा कागद आवडत नाही, कारण 'नवीन' म्हणून विकलेल्या कॅमेऱ्याचा दोषही त्यावर दिसतो.

कागदाचं मोल आधी कळलं ते सर्व्हेवाल्यांना. गावठाणांच्या मोजणीसाठी २०२०च्या २४ एप्रिलला स्वामित्व योजना जाहीर झाली, आणि ड्रोननं मोजणी होते हे इकडच्या लोकांच्या कानावर पडलं. मग खडीच्या खाणी, प्लॉटिंग, कॅनॉल अशी खासगी कामं करणारे आले. फँटम ४ प्रोनं १०० मीटरवरून फोटो काढला तर एक पिक्सेल जमिनीवर सुमारे २.७ सेमीचा. फोटो एकमेकांवर ७०-८० टक्के चढवून सॉफ्टवेअर सारखे बिंदू जुळवतं. एक बाजू मऊ असेल तर त्या बाजूला बिंदू कमी सापडतात आणि उंचीत डगमग येते. लग्नवाल्याला कड मऊ दिसते, तो ती क्रॉप करतो. सर्व्हेवाल्याला ती दिसतही नाही, थेट खडीच्या ढिगाच्या हिशेबात निघते. म्हणून त्यांचे कॅमेरे आता मोसमाआधी नियमित तपासायला येतात. हाच आमचा भरवशाचा धंदा आहे.

दुरुस्तीबद्दल थोडं, कारण अपेक्षा फार असतात. आता बऱ्याच कॅमेऱ्यांत कारखान्यातच चालू चित्र बघत सेन्सर सहाही दिशांनी हलवतात आणि योग्य जागी आला की अतिनील प्रकाशानं गोंद पक्का करतात. तो गोंद एकदा तुटला की टेबलावर ती जागा परत मिळवणं आम्ही करत नाही. ज्यात सेन्सरची पाटी स्क्रूंवर असते, तिथे पातळ शिम (पत्र्याचे तुकडे) घालून कल काढतो आणि पुन्हा कॉलिमेटरवर लावतो. आतली काच सरकली असेल तर सरळ कॅमेरा मॉड्यूल, म्हणजे लेन्स आणि सेन्सरचा अख्खा जोड, बदलायचं. २०२२च्या ९ फेब्रुवारीला परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मात्र आणता येतात. तेव्हापासून लोक जुना ड्रोन टाकून देत नाहीत, आणि बाजारात काढीव मॉड्यूल फार फिरतात. त्यांतलं प्रत्येक आम्ही बसवण्याआधी रेघांसमोर धरतो. दिसायला कोरं असलेलंही परत जातं.

हल्ली फवारणीच्या ड्रोनवाल्यांचेही फोन येतात. त्यांचा कॅमेरा समोरचा रस्ता दिसण्यापुरता असतो आणि औषधाच्या थरानं धूसर होतो. तिथे ओलं फडकं पुरतं. थर्मल (उष्णता टिपणारे) कॅमेरे आम्ही अजून घेत नाही. त्यांची लेन्स जर्मेनियमची असते, साधा प्रकाश तिच्यातून जात नाही, म्हणजे आमचा दिवा आणि रेघा तिथे उपयोगाच्या नाहीत.

येताना मूळ फाइलींचं कार्ड, रिमोट, लावत असलेला फिल्टर आणि बॅटऱ्या आणा. बॅटऱ्या चार्ज करून. हे फोनवर सांगूनसुद्धा निम्मे जण रिकाम्याच आणतात, म्हणून दारापाशी चार्जरची एक वेगळी फळी केली आहे.