बोनेटवरचं स्वस्तिक

आई वाईला असते, मी पुण्यात, वारज्याला. दर रविवारी सकाळी निघायचं, कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग खंबाटकीचा घाट आणि सुरूर फाट्यावरून आत. दहा वर्षं झाली, या रस्त्यावर मी स्वतः गाडी चालवते. खडीचे डंपर दर वेळी भेटतात. ताडपत्री कधी असते, कधी नसते. पण खरा त्रास डंपरमधून पडणाऱ्या खड्यांचा नाही. रस्त्यावर आधीच पडलेला खडा पुढच्या गाडीच्या टायरखालून उडतो आणि आपण स्वतःच नव्वदच्या वेगाने त्याच्यावर जाऊन आदळतो. टक्क आवाज येतो. उतरून बघितलं की बोनेटच्या पुढच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका.

आधीच्या लाल गाडीच्या बोनेटवर तीन वर्षांत असे इतके टवके झाले की मी मोजायचं सोडून दिलं. टवका पत्र्यापर्यंत गेला असेल तर एका पावसाळ्यात त्याच्या मधोमध तपकिरी ठिपका येतो. तो गंज. बंपर प्लॅस्टिकचा, तो निदान गंजत नाही.

त्या गाडीला मी रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावून घेतली होती, पण उशिरा, आणि घाईत. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने फिल्म बोनेटवर पसरली आणि कटर घेऊन गाडीवरच कडेकडेने कापली. मी समोर उभी होते. हात सफाईदार होता, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षांनी फिल्म काढली तेव्हा बोनेटच्या डाव्या कडेला एक हातभर, केसासारखी बारीक रेघ होती. ब्लेड रंगात उतरलं होतं. ज्या रंगाच्या रक्षणासाठी पैसे दिले, तोच कापला गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नवी गाडी घेतली तेव्हा ठरवलं, शोरूममधून निघाल्यावर पहिल्या वाईच्या फेरीआधी फिल्म, आणि गाडीवर ब्लेड नाही. चार ठिकाणी जाऊन एकच प्रश्न विचारला: 'कापता कुठे?' तीन ठिकाणी उत्तर आलं, 'गाडीवरच, ताई, काळजी करू नका.' चौथ्या ठिकाणी प्लॉटर होता. गाडीचं मॉडेल कॉम्प्युटरवर निवडायचं, मशीन त्या मापाचे तुकडे आधीच कापून देतं. कडेला चार-पाच मिलिमीटर जास्त ठेवून फिल्म पत्र्याच्या आतल्या बाजूला वळवतात, म्हणजे काठ दिसत नाही आणि तिथे धूळही साठत नाही.

ही फिल्म म्हणजे टीपीयू, एक प्रकारचं लवचीक पॉलियुरेथेन. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती वाळूने झिजायची, त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने ही वस्तू पुढे आणली. गाड्यांवर ती नंतर आली. जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे कारखान्यातून आलेल्या रंगाच्या सगळ्या थरांपेक्षाही जास्त. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा पातळ लेप, मात्र काही मायक्रॉनचंच असतं. त्याने पाणी छान ओघळतं, धुणं सोपं होतं, पण खडा थांबत नाही. दोन्ही एकच म्हणून विकणारे भेटतात, तिथून सरळ निघावं. स्वस्तात पीव्हीसी प्लॅस्टिकची फिल्मही मिळते. ती उन्हात लवकर पिवळी पडते, आणि पांढऱ्या गाडीवर ते फार उठून दिसतं.

पूर्ण गाडीला करायचं तर खर्च लाखाच्या घरात जातो. मी बोनेट, पुढचा बंपर, दोन्ही आरसे आणि दारांच्या कडा एवढंच केलं. खडा समोरून येतो. मागच्या डिकीला त्याची गरज नाही.

लावताना मी दिवसभर तिथे बसले. आधी फरशीवर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. मग बोनेटवर बेबी शाम्पूचं पाणी फवारलं, आणि दोघांनी दोन टोकं धरून फिल्म अलगद ठेवली. साबणपाण्यावर ती सरकते, जागेवर आणता येते. मग मधून कडेकडे स्क्वीजी, म्हणजे पाणी बाहेर ढकलायची पट्टी. प्रत्येक ओढीबरोबर पाण्याची एक लाट काठापर्यंत जायची आणि खाली ठिबकायची. कोपऱ्यांवर गरम हवेची हीट गन. आरशाच्या गोलाईवर तो मुलगा पाऊण तास होता. एकदा लावलेली फिल्म त्याने उचलून फेकून दिली, आत एक धुळीचा कण होता म्हणून. त्या क्षणी मला माणूस बरोबर मिळाल्याची खात्री पटली.

पहिले काही दिवस फिल्म थोडी धुरकट दिसते, आतलं पाणी सुकेपर्यंत. आठवडाभर गाडी धुतली नाही. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्या काकांना सांगून ठेवलं. कोरड्या फडक्याने उमटणारे बारीक ओरखडे आता गरम पाणी ओतलं की डोळ्यांदेखत मिटतात. वरचा थर तसाच बनवलेला असतो. खोल ओरखडा मिटत नाही, तो राहतोच.

दसऱ्याला गाडी वाईला नेली. आईने ओल्या हळद-कुंकवाने बोनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. मी तिचा हात थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी पुसलं तर फिल्मवर पिवळट-गुलाबी आकृती तशीच. माझा जीव खालीवर झाला. शाम्पूने पुसलं, जाईना. घासायला लागणार तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, साडीवरचा हळदीचा डाग आपण कुठे घालवतो? उन्हातच ना? ठेव उन्हात."

गाडी आठ दिवस सोसायटीच्या मोकळ्या जागेत ठेवली. पिवळं पूर्ण गेलं. कुंकवाची गुलाबी छटा एका बाजूला अजून आहे, तिरप्या उजेडात दिसते. खालचा रंग मात्र कोरा आहे, डाग फिल्मवरच थांबला.

यंदा आईला म्हटलं, काचेवर काढ. ती म्हणाली, "काचेवर काढलं तर तुला समोरचं दिसेल का?" मग बोनेटवरच काढलं. आरती झाली, फोटो काढला, आणि हळद वाळायच्या आत मी ओल्या मऊ फडक्याने अलगद टिपून घेतली.