पुणे जिल्ह्याएवढं रान

साउथ ऑस्ट्रेलियात अ‍ॅना क्रीक म्हणून एक कॅटल स्टेशन (गुरं पाळायचं रान) आहे, जगातलं सगळ्यात मोठं, १५,००० चौरस किमीच्या वर, म्हणजे जुन्नरपासून इंदापूरपर्यंत आपला अख्खा जिल्हा समजा. आम्ही मुक्काम केला ते त्याच भागातलं, पण बरंच लहान. लहान म्हणजे गेटमधून आत शिरल्यावर घर यायला पाऊण तास!

दादा अ‍ॅडलेडला असतो, गाडी त्याची, हौसही त्याचीच, वहिनी आणि मी आपलं डबे सांभाळायला. उडनाडॅटा ट्रॅक म्हणजे मरी ते मार्ला ६०० किमीच्या वर निव्वळ कच्चा रस्ता, टायरमधली हवा कमी करूनच चालवायचं, तरी सगळं इतकं खडखडतं की पोचेपर्यंत आईने दिलेल्या दाण्याच्या लाडवांचं परत कूट झालेलं.

पण मला खरी मजा वाटली ती पाण्याची. आपल्याकडे बोअर मारायची तर पाणी लागतंय की नाही हीच धाकधूक, इथे खाली ग्रेट आर्टेशियन बेसिन, देशाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याखाली पाणीच पाणी, भोक पाडलं की दाबाने आपसूक वर येतं आणि तेही कढत. बंबबिंब काही नको. फक्त वास नासक्या अंड्याचा, वहिनीने आंघोळीनंतर अर्धी अत्तराची बाटली संपवली.

एवढ्या गुरांना आवरता कसं, असं मी विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, पाणी सोडून जातील कुठे? पाण्याभोवती आवार, त्याला आत ढकलून उघडणारं फाटक, बाहेर यायला बंद. तहानलेलं जनावर स्वतःहून अडकतं. बाकीची हेलिकॉप्टर आणि मोटरसायकलवरून हाकतात. गुरं तांबडी, सांता गर्ट्रुडिस जातीची, यांच्यात ब्राह्मन जातीचं रक्त आणि ती जात अमेरिकेत तयार झाली आपल्या गीर, ओंगोल, कृष्णाकाठच्या गुरांपासून. म्हणजे लांबचे का होईना, पाव्हणेच की!

डॉक्टर विमानाने येतो (ही सोय १९२८ पासूनची), पोरांची शाळा सॅटेलाइटवर.

रात्री जेवताना बाईंनी विचारलं, तुमच्याकडे किती गुरं? दादाने पुरंदरच्या काकांच्या दोन म्हशी सांगितल्या. बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, मग पाण्याचं काय करता? उन्हाळ्यात टँकर येतो म्हटल्यावर त्यांना आमचीच काळजी वाटायला लागली.