मागच्या खोल्या: लोणा कुठून येतो ते सापडलं

तिसरा गिलावाही सुटला. पोळ्याच्या आसपास केला होता, दसऱ्याच्या आत पोपडे. तरी आज मी खुशीत आहे, कारण उत्तरेच्या भिंतीत पाणी शिरतं कुठून ते अखेर कळलं.

घर अमळनेरचं, आजोबांच्या काळातलं. वीट पांढऱ्या मातीत रचलेली, डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल अडवणाऱ्या थराचा, पत्ता नाही. पुढे आम्ही राहतो, मागच्या दोन खोल्या आणि न्हाणी भाड्याने द्यायची, हे ठरलंय. पहिल्यांदा साधं सिमेंट लावलं, मग हार्डवेअरवाल्याच्या आग्रहाने वॉटरप्रूफिंगचं केमिकल, मग दोन्ही. दर वेळी लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा क्षार, वीतभर वर सरकला. आधी गुडघ्यापर्यंत होता, आता कमरेच्या वर. केमिकलचा डबा विकणाऱ्याने भिंत एकदाही येऊन पाहिली नाही, याचा मला अजून राग आहे. मातीच्या जुडाईतलं पाणी सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, वर चढतं. जिथे सुकतं तिथे क्षाराचे खडे धरतात आणि तेच गिलाव्याला मागून ढकलतात.

या वेळी थापी बाजूला ठेवली. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला. तीन दिवसांनी पाहिलं तर थेंब कागदाच्या आत, भिंतीकडे. बाहेरची बाजू कोरडी. म्हणजे हवेतला दमटपणा नाही, पाणी भिंतीतूनच येतंय. पण पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते, मग एवढं पाणी कुठलं?

मोरीत निळीचं पाणी ओतलं. बाहेरच्या गटारीत थेंब नाही. अर्ध्या तासाने अंगणातल्या काँक्रीटच्या तड्यातून निळं पाणी वर आलं, थेट भिंतीच्या पायाशी! काँक्रीट फोडलं तर खाली जुना खापरी नळ, सांधा उघडा पडलेला. अंगण आम्ही दोनदा भरून उंच केलं, ते आता खोलीच्या फरशीपेक्षा चार इंच वर आहे. आंघोळीची प्रत्येक बादली वर्षानुवर्षं पायात मुरत होती.

आमचे गवंडीआबा म्हणाले, “भाऊ, हाई भीत पानी पेस. तिले सुकू दे.” म्हणजे ही भिंत पाणी पिते, तिला सुकू दे.

भिंतीलगत दोन फूट रुंद पट्टा फोडून काढला. चार इंची पीव्हीसी टाकला, पाच फुटांना एक इंच उतार, लेव्हलच्या नळीने दोनदा तपासून. बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून रात्रभर पाणी भरून ठेवलं, पातळी हलली नाही. आपल्या काळ्या मातीत हे टाळू नका. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि सांधा पुन्हा उघडतो. पट्ट्यात आता खडी आहे, काँक्रीट परत करणार नाही.

आतलं सगळं सिमेंट कमरेच्या वर फूटभर जाऊन उतरवलं. लोणा कोरड्या ब्रशने झाडला, दोन टोपल्या निघाला. धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. मग तीन बाय तीन फुटांचा नमुना म्हणून चुना, सुरखी (विटांचा चुरा) आणि वाळूचा गिलावा केला, अर्ध्या इंचाच्या आत. दुकानातल्या पुडीच्या चुन्यात जोर नसतो, हे माझं ठाम मत. कळीच, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडेच आणा, स्वतः भिजवा. उकळताना डोळे सांभाळा. वर ओलं बारदान लावून ठेवलं, नाहीतर इकडच्या कोरड्या हवेत तडे जातात. पाच आठवडे झाले, नमुना जागचा हललेला नाही आणि खोलीतला कुबट वास गेला. मी रोज सकाळी हात फिरवून बघतो.

उरलेली भिंत मात्र लगेच करणार नाही, उन्हाळ्यापर्यंत उघडी सुकू देणार. म्हणजे दिवाळीला येणारा भाडेकरू हुकला, महिन्याचे पाच हजारही. तोवर करारनाम्याचा मसुदा करून ठेवला. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे.

आणि हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की स्वयंपाकाचा ओटा मी याच भिंतीला आखलाय. त्यावर टाइल लावली तर पुन्हा भिंतीचं तोंड बंद! ओटा दक्षिणेच्या भिंतीला न्यायचा, कडाप्प्याचा, स्वतःच्या पायांवर उभा. नळाची लाइन नऊ फूट वाढेल, चालेल. उत्तरेची भिंत फरशीपासून छतापर्यंत मोकळी राहील, तिथे फक्त चुना. खडूने नवी आखणी करायला आत्ताच मागे जातोय.