उप्सालातली रुडबेकिया

स्टॉकहोमचे तीन दिवस गर्दीत गेले, त्यावर लिहावंसं काही नाही. लिहायचंय ते जवळच्या उप्साला गावातल्या लिनिअसच्या बागेबद्दल. लिनिअस म्हणजे वनस्पतींना लॅटिन शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा अठराव्या शतकातला स्वीडिश शास्त्रज्ञ. आमच्या गटाला तिथे जेमतेम वीस मिनिटं मिळाली आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऑगस्ट होता. वाफ्यांतल्या लॅटिन पाट्या वाचत मी एका पिवळ्या फुलापाशी थबकले. रुडबेकिया. पानं जिभेसारखी खरखरीत. मधला तपकिरी घुमट म्हणजे बारीक फुलांचा दाट गुच्छ. ती खालून वर उमलत जातात, म्हणून घुमटाभोवती परागाचं सोनेरी कडं दिसत होतं.

हे फूल मूळचं उत्तर अमेरिकेतलं, नाव मात्र इथल्याच बापलेकांचं. लिनिअसच्याही आधी, १६५५ साली ही बाग सुरू केली ती थोरल्या ओलोफ रुडबेक यांनी. उतारवयात त्यांनी वनस्पतींचा प्रचंड सचित्र ग्रंथ हाती घेतला होता. १७०२च्या आगीत त्याचे कोरलेले ठसे आणि छापील पानं बहुतेक जळाली. त्याच वर्षी ते गेले. धाकट्या ओलोफ यांच्या लॅपलंड प्रवासातल्या नोंदीही त्या आगीत गेल्या.

१७३० साली धाकट्या रुडबेकांनी एका गरीब विद्यार्थ्याला मुलांना शिकवायला घरी ठेवून घेतलं. तो लिनिअस. रुडबेकिया हे नाव पुढे त्यानेच दिलं. ‘क्रिटिका बोटॅनिका’त (१७३७) त्याने बजावलंय की प्रजातीला माणसाचं नाव द्यायचं तर वनस्पतिशास्त्रासाठी झिजलेल्याचंच द्यावं, संतांचं नको. आणि नाव देताना तो झाडही न्याहाळायचा. कांचन-आपट्याची बाउहिनिया: दोन पाळ्यांचं एकच पान, बाउहिन बंधूंसाठी. केना या रानभाजीची कॉमेलिना: दोन पाकळ्या ठसठशीत, तिसरी इवलीशी, कॉमेलिन घराण्यातले दोघे नावारूपाला आले, तिसरा काही करण्याआधीच वारला.

हे सगळं आठवत होते, तेवढ्यात ‘चला, चला’ सुरू झालं. आजूबाजूचे सगळे उठून गेलेसुद्धा. अशा ठिकाणी गटाबरोबर जाऊ नये, हे मला पन्नाशीत कळलं.

दुसऱ्या दिवशी बाकीचे खरेदीला गेले. मी एकटीच रेल्वेने उप्सालाला परतले, थेट त्याच वाफ्याशी. परागाचं कडं कालच्यापेक्षा किंचित वर सरकलं होतं. तासभर तिथेच बसले.