गुराब मोहीम: अष्टमीची सुकती आणि घाटावरचा शिलेदार

टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत आणि फासे टाकत आम्ही जो खेळ खेळतो, त्यात भाट्याच्या खाडीच्या मुखाशी मागच्या नोंदीत थांबलेला वाद अखेर सुटला. तो ज्या रीतीने सुटला ती इतर डीएमनाही (खेळ चालवणाऱ्यांनाही) उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून या वेळी खजिना, नवे नकाशे आणि पातळीवाढ यांचा हिशेब बाजूला ठेवून त्याविषयीच लिहितो.

प्रसंग आठवत असेल. सिद्दीच्या गुराबा (लढाऊ जहाजे) पाठीवर आहेत, पार्टीचे, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या चमूचे, गलबत मालाने जड झाले आहे आणि सर्वांना खाडीत शिरण्याची घाई आहे. तेवढ्यात शिलेदार खेळणारा आमचा मित्र, ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होड्या आहेत, म्हणाला, "आज अष्टमी, म्हणजे भर दुपारी सुकती, पाणी तळाला. मुखाशी वाळू आहे, गलबत रुतणार." वैद्य खेळणाऱ्याने लगेच हरकत घेतली. शिलेदाराचे पात्र घाटावरचे, त्याच्या नावापुढे बुद्धी फक्त ८, समुद्र त्याने आत्ता कुठे पाहिलेला. हे त्याला कळणे म्हणजे उघड मेटागेमिंग, खेळाडूला ठाऊक असलेले पात्राच्या तोंडी घालणे. नियमाने पाहिले तर हरकत बिनतोड होती. मी डीसी, म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, १५ धरला असता, तर बुद्धी ८ मुळे फाशातून एक वजा होणाऱ्या शिलेदाराला वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा अधिक लागले असते, म्हणजे शंभरात पंचवीस वेळा यश. परंतु जी गोष्ट समोर बसलेल्या माणसाला निश्चित ठाऊक आहे ती पंचवीस टक्क्यांच्या आशेवर टांगायची, हे मला पटेना.

हा वाद आपल्या छंदाइतकाच जुना आहे. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे वठवण्याचा खेळ आला तेव्हा सापळा कसा शोधतो हे खेळाडूने तोंडाने सांगायचे असे. १९७५ च्या त्याच्या ग्रेहॉक पुरवणीत चोर हा पात्रांचा नवा वर्ग आला, सापळे काढण्याची टक्केवारी आली, आणि खेळाडूची हुशारी मोजायची की पात्राची, हा प्रश्न कायमचा टेबलावर येऊन बसला. जुन्या पद्धतीचे पुरस्कर्ते खेळाडूच्या बाजूने बोलतात, पात्राच्या शीटशी (त्याच्या गुणांच्या नोंदीशी) प्रामाणिक राहणारे दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजूंबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र आमच्या टेबलावरचा खरा पेच वेगळाच होता, असे आता माझे ठाम मत झाले आहे: भरतीचे ज्ञान एकाकडेच होते, म्हणून ते बोलून दाखवणे इतरांना अन्यायाचे वाटत होते.

त्यामुळे मी ते ज्ञान सर्वांना देऊन टाकले. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे संध्याकाळची भरतीही फार चढत नाही. या हिशेबाचा तक्ता करून, लॅमिनेट करून मी टेबलाच्या मधोमध ठेवला, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधा कागद एका सेशनमध्ये लोळागोळा होतो. मोहिमेतील प्रत्येक दिवसाची तिथी आता मी सुरुवातीलाच जाहीर करतो. फासा फक्त लाटेत गलबत सरळ ठेवण्यासाठी पडतो, पाणी किती आहे हे कळण्यासाठी नाही.

परिणाम मलाही अनपेक्षित होता. संध्याकाळपर्यंत थांबावे तर गुराबा गाठणार, माल समुद्रात टाकावा तर गावाला धान्य मिळणार नाही, अशा चर्चेत सारे रंगले असताना शिलेदाराचा खेळाडू उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी दिसतंय ना? मग हाणा वल्ही!" वाळू कोठे आहे हे टेबलावर सर्वांत जास्त त्यालाच ठाऊक होते, आणि तरीही त्याने आपल्या पात्राचे अज्ञान स्वतःहून निवडले. हरकत घेणाऱ्या वैद्यानेच त्याला शाबासकी दिली. अखेर अर्धा माल समुद्रात गेला आणि गलबत घासत, करकरत आत आले.

फाशांविषयी थोडेसे. मुंबईहून मागवलेला पारदर्शक संच दिव्याच्या उजेडात वाचता येत नाही; तो कोणी घेऊ नये. त्यातील डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) एका बाजूला झुकतो अशी शंका आल्याने तो मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला. समुद्राचे पाणी त्यासाठी पुरेसे जड नसते, मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घालत राहावे लागते. वारंवार तोच आकडा वर आला, त्यामुळे तो फासा बाद.

पुढच्या सेशनमध्ये तांडेलाचे (गलबताच्या प्रमुखाचे) पात्र मीच चालवणार होतो, पण हे लिहिताना दुसरेच सुचते आहे. तांडेल आळीपाळीने खेळाडूंच्या हाती द्यावा, आणि पहिली पाळी वैद्याची असावी, म्हणजे समुद्र जाणणाऱ्या पात्राच्या तोंडून बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल. तसे केल्यास रत्नदुर्गाखालचा छापाही बदलावा लागेल. तो मी पौर्णिमेला योजला होता. आता अमावस्येला नेतो. उधाणाची भरती रात्री सव्वा अकराच्या सुमारास, काळोख पूर्ण, आणि पहाटे साडेपाचपर्यंत पाणी तळाला जाणार असल्याने त्याआधी गलबत बाहेर काढणे भाग. तिथीचा तक्ता उघडाच राहील; किल्ल्यावरचे पहारे कधी बदलतात एवढेच मी झाकून ठेवणार आहे.