नोझलवरचा लोड ठरवायचा कधी?

परवा आमच्या स्ट्रेस ग्रुपमध्ये (आम्ही पाईपमधले ताण तपासतो) नवीन जॉईन झालेला मुलगा विचारत होता, मॅडम या व्हेसलच्या नोझलला अलाउएबल लोड किती धरू? म्हणजे प्रेशरच्या भांड्याला पाईप जोडायचं जे तोंड असतं, त्यावर पाईपने जास्तीत जास्त किती जोर टाकलेला चालेल. म्हटलं भांडं बनवणाऱ्या व्हेंडरचं ड्रॉइंग बघ. त्यात नव्हतं, डेटाशीटमध्ये पण नव्हतं, आणि ऑर्डर जाऊन दोन महिने झालेले. माझ्या पोटात गोळाच आला, कारण मी हे एकदा भोगलंय.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. भोसरीतल्या एका शॉपमध्ये आमचा अमाईनचा (गॅस साफ करणारं रसायन) कॉलम, म्हणजे उंच उभं व्हेसल, बनत होता, प्रेशर कमी म्हणून शेल, म्हणजे त्याची भिंत, जेमतेम 10 मिमी जाड, आणि बाजूला 12 इंची फीड नोझल. आमचं पाईपिंगचं अॅनालिसिस तयार व्हायला चार महिने लागले, तोवर तिकडे नोझल वेल्ड झालं, पॅड (नोझलभोवती शेलला बळकटी देणारी प्लेट) बसलं, अमाईन सर्व्हिस म्हणून एसआर (स्ट्रेस रिलीव्हिंग, वेल्डमधले ताण घालवायला तापवणं) पण उरकलं. आणि मग आमचा मोमेंट, म्हणजे पाईपचा नोझलला वाकवणारा जोर, आला, शेलला झेपेल त्याच्या जवळजवळ दुप्पट. आता कार्बन स्टीलचा कॉलम 100 अंशांनी तापला की मीटरला 1.2 मिमी वाढतो, म्हणजे 20 मीटरवरचं नोझल 24 मिमी वर जाणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं की! पण पॅड जाड करा म्हणायची सोय उरली नव्हती, एसआर झालेल्या शेलवर वेल्डिंग म्हणजे परत एसआर. शेवटी पाईप लवचीक व्हावा म्हणून त्याला लूप घातला, स्प्रिंग सपोर्ट टाकला, आणि त्या लूपला जागा करायला स्ट्रक्चरवाल्यांचे दोन बीम हलवावे लागले. तीन आठवडे गेले त्यात.

कोडमध्ये आकडा मिळेल असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रेशर व्हेसलचा कोड एएसएमई सेक्शन 8 डिव्हिजन 1, त्यात यूजी-22 हा परिच्छेद आहे, ते म्हणतं जोडलेल्या पाईपिंगचे लोड विचारात घ्या, बास. किती धरायचे ते तुमचं तुम्ही बघा. तपासायच्या पद्धती आहेत, डब्ल्यूआरसी 107 हे बुलेटिन तर 1965 पासून आहे, मग 297 आलं, 537 आलं, पण त्यात घालायला लोड आधी हातात पाहिजे ना.

म्हणून मी आता रिक्विझिशनसोबतच (खरेदीच्या मागणीपत्रासोबत) लोडचं टेबल पाठवते. नोझलचा साईज आणि फ्लेंजचं रेटिंग बघून तीन फोर्स, तीन मोमेंट, आणि खाली स्पष्ट लिहिते की हे सगळे एकाच वेळी, पूर्ण डिझाइन प्रेशरसकट धरा. ही ओळ नसली तर कोणी एकेक लोड वेगळा तपासून पास दाखवतो. पण एकच टेबल सगळीकडे चिकटवायचं नाही हां! पातळ शेलच्या व्हेसलला मोठे आकडे दिले की व्हेंडर नुसती पॅडं जाड करत बसतो आणि पैसे आपलेच जातात, उलट जाड शेलला भरपूर झेपतं पण तिथे आधी फ्लेंज गळायला लागतो. जे नोझल टेबलातल्या लोडला पास होत नाही ते व्हेंडरने प्लेट मागवायच्या आधी सांगायचं, त्या एकाच नोझलवर मग दोघांनी बसून मार्ग काढायचा.

स्टोरेज टाकीचं प्रकरण अजून वेगळं. तिथे नोझलला फिक्स अँकर (अजिबात न हलणारा बिंदू) धरून मोकळे होणारे मी खूप बघितलेत, आणि मला ते बघवत नाही. टाकी भरली की फुगते. 40 मीटर व्यासाची, 14 मीटर पाणी, खालचा शेल 20 मिमी, असा हिशेब करून बघा. 600 मिमी उंचीवरचं नोझल सुमारे 12 मिमी बाहेर येतं, आणि शेल तळाला बॉटम प्लेटने धरलेला असल्यामुळे नोझल खाली झुकतं, अर्ध्या डिग्रीहून थोडं जास्त. कागदावर काहीच वाटत नाही. पण तीन मीटरवर तुमचा पहिला सपोर्ट असेल तर तिथे पाईपला 28 मिमी खाली जायचंय आणि खाली रिजिड सपोर्ट उभा आहे, तो सगळा मोमेंट नोझलच्या वेल्डवर! टाक्यांचा कोड एपीआय 650, त्याचं अॅनेक्स पी यासाठीच आहे, 36 मीटर व्यासाच्या वरच्या टाक्यांना ते लागतं, लहान टाकीला तुम्ही मागितलं तरच. मागा. शेलची स्टिफनेस, हे सरकणं आणि झुकणं मॉडेलमध्ये घातलं की लोड पुष्कळदा निम्म्यावर येतात किंवा मग कळतं की इथे स्प्रिंगच पाहिजे.

शिवाय टाकी खचते. पहिल्यांदा पाणी भरल्यावर तर हमखास, म्हणून त्या नवीन मुलाला परवा सांगितलं, हायड्रोटेस्ट (पाणी भरून चाचणी) होऊन पाणी उतरेपर्यंत टाकीच्या नोझलला पाईप जोडायचा नाही, साईटवाले कितीही मागे लागले तरी. आणि व्हेसलचं टेबल आम्ही त्याच संध्याकाळी बसून व्हेंडरला पाठवलं. शेलच्या प्लेट अजून कापल्या नव्हत्या.